प्रश्न क्रमांक सतरा

दर चार वर्षांनी, फेब्रुवारीत,
मी कुहमोच्या बर्फातून गाडी हाकत जाते
आउने तेर्वोनेनच्या दारी.
पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, पेन्सिली,
आणि सव्वीस प्रश्नांचा कागद, जो मला तोंडपाठ आहे.
पाठ असण्याची तिथे लाज वाटते.

पहिल्या खेपेला ती एकाहत्तरची.
वेलचीचा पाव कापता कापता म्हणाली, विचार.
तारीख? सांगितली. वारासकट, आणि वर
आज पंचांगात कुणाकुणाचा नामदिवस, तेही.
शंभरातून सात, पुन्हा सात वजा करत गेली
उतारावर स्की सोडावी तशी.
तीसपैकी तीस.

मग सतरावा: तुमचं तुम्हाला काय वाटतं,
स्मरणशक्ती पूर्वीपेक्षा कमी झालीय?
तिने सुरी खाली ठेवली.
"हो," म्हणाली. "लिही."

चोवीस वर्षं तिने गावाचं टेलिफोन एक्स्चेंज चालवलं,
समोर भोकांची फळी, हातात दोऱ्या,
आणि अख्खं गाव डोक्यात, आकड्यांनी:
बारा पावभट्टी, एकेचाळीस सुईण,
अठ्ठावन्न लाकडाची गिरणी, रात्री दहानंतर लावायची नाही.
"सगळं आहे अजून," ती म्हणाली,
"पण तेव्हा मला कळायच्या आत दोरी भोकात असायची.
आता हात निघतो, आणि वाटेत विचारतो, कुठे?
एवढासाच उशीर. श्वासाएवढा.
तुझ्या कागदाला नाही दिसायचा."

नाहीच दिसला.
डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम.
मुलगा योर्मा म्हणाला, आई, चष्मा तर मीही शोधतो.
तिने ऐकून घेतलं,
खरखरणाऱ्या लाइनवरच्या माणसाचं घ्यायची तसं.

त्याच हिवाळ्यात, तळ्यापलीकडे,
टाउनो क्युल्लोनेननेही 'हो'वर खूण केली होती
पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत.
त्याची बायको नोव्हेंबरात गेलेली, झोप उडालेली.
आज तो नव्वदीचा आहे, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरतो
आणि माझ्या जुन्या गाडीचा नंबर मलाच सांगतो.
म्हणून म्हणते, एक 'हो' म्हणजे निकाल नव्हे.
हजारो 'हो' एका पारड्यात टाकले
की काटा जरासा कलतो, इतकंच आमच्या तक्त्यांना कळतं.
कुठला 'हो' टाउनोचा, कुठला आउनेचा,
ते काटा बोलत नाही.

दुसऱ्या खेपेला अठ्ठावीस.
सतरावा पुरता विचारूही दिला नाही.
"हो. हो. दोनदा लिही.
दोरी बरोबर लावते गं,
पलीकडून भलताच कोणी बोलतो."
फ्रिजवर चिठ्ठ्या होत्या, टाचणीसारख्या अक्षरात.
एकीवर फक्त: योर्माला सांगू नकोस, आधीच सांगितलंय.

यंदा एकोणऐंशी. पाव दुकानातला.
तारखेशी ती खिडकीबाहेर बघत राहिली,
जणू ती बर्फावर कुठेतरी लिहिलेली असणार.
वजाबाकी ब्याण्णवला अडली.
एकवीस.
आणि सतराव्याला ती हसली, मोकळी, मुलीसारखी:
"माझी? छे! अख्खं गाव होतं ना माझ्या डोक्यात."

पेन्सिल हातात धरून मी बसून राहिले.
मग 'नाही'वर खूण केली. नियम आहे तो,
त्यांचं उत्तर, त्यांच्या शब्दांत.
हो, हो, नाही:
रकाना नुसता वाचणाऱ्याला
ती सुधारणा वाटेल.

तो पहिला 'हो'.
त्या घरातलं तेवढं तल्लख उत्तर
मी नंतर ऐकलं नाही,
आणि त्याला गुण नव्हते.

गाडीत काच तापायची वाट बघते.
सतरावा मी स्वतःला विचारत नाही.
ओठांतल्या ओठांत नुसतं म्हणून बघते:
बारा पावभट्टी, एकेचाळीस सुईण,
अठ्ठावन्न
गिरणी. दहानंतर नाही.